रमण लांबा : परक्या मैदानांवरचा आपला माणूस

प्रस्तुत संग्रहात ज्यांच्या आठवणी एकत्र केल्या आहेत, त्या माणसांचा सारा जन्म लिहिण्यात गेला असला तरी ती लेखक नव्हेत. केंद्र सरकारच्या निरनिराळ्या खात्यांत टिपणे लिहिण्यात, मसुदे तपासण्यात आणि फायलींवर शेरे मारण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, अशा दिल्लीच्या आर. के. पुरम वसाहतीत एके काळी राहिलेल्या काही मराठी गृहस्थांनी व गृहिणींनी, एका दिवंगत क्रिकेटपटूविषयी, कोणाच्याही सूचनेवाचून लिहून दिलेला हा मजकूर आहे. तो क्रिकेटपटू म्हणजे रमण लांबा. वयाच्या ३८ व्या वर्षी, ढाक्याच्या मैदानावर डोक्याला चेंडू लागून तो गेला, एवढीच गोष्ट आजच्या पिढीला त्याच्याविषयी ठाऊक असते. आणि ज्याने प्रथम श्रेणीच्या १२१ सामन्यांत ८,७७६ धावा काढल्या, ३१ शतके ठोकली आणि सरासरी ५३ च्या वर राखली, त्या मनुष्याची ओळख त्याच्या मरणाने करून द्यावी लागावी, याचे शल्य मनात वागवीत या मंडळींनी लेखणी हाती घेतली. संग्रहास प्रस्तावना लिहिण्याचे काम मजकडे आले, ते मी त्यांच्यापैकीच एक आहे म्हणून. क्रिकेटचा जाणकार म्हणून नव्हे.

लांबाचा जन्म २ जानेवारी १९६० रोजी मेरठ येथे झाला. नाव त्याने दिल्लीकडून खेळून मिळविले. दिल्लीचा जन्म नसूनही दिल्लीचा होऊन राहिलेला हा सलामीचा फलंदाज आमच्या वसाहतीतील लोकांस इतका जवळचा का वाटावा, हे समजावयाचे तर त्या वसाहतीची घडण थोडी सांगितली पाहिजे. रामकृष्णपुरम हे तिचे पूर्ण नाव आता पत्त्यातही कोणी लिहीत नाही. दिल्लीच्या दक्षिणेस सरकारी नोकरांच्या निवासासाठी उभ्या राहिलेल्या या वस्तीस सेक्टर आहेत, ब्लॉक आहेत, क्वार्टरांचे टाइप आहेत, सेक्टर सातच्या टेकडीवर तमिळ मंडळींनी भक्तिभावाने बांधलेले मलाई मंदिर आहे, सेक्टर नऊमध्ये संगम सिनेमा होता. नाही तो पिढीजात रहिवासी. बदलीचा हुकूम हाती पडला किंवा नोकरीची मुदत भरली की क्वार्टर रिकामे करावयाचे, बाडबिस्तरा बांधावयाचा आणि ज्या अंगणात मुले चालावयास शिकली, ते दुसऱ्याच्या हवाली करावयाचे, हा येथला शिरस्ता. कोल्हापूर, अमरावती, सोलापूर, पणजी अशा ठिकाणांहून आलेली मराठी कुटुंबे येथे गणपती बसवीत, काहींची मुले थेट पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत जात, आणि तरीही आपण येथे पाहुणे आहोत ही जाणीव कधी पुरती मावळत नसे.

अशा घरांतून क्रिकेटची निष्ठा ही गावाच्या नावाने ठरलेली असे. दिल्लीत राहून आम्ही मुंबईचे होतो. १९८३-८४ आणि १९८४-८५ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईने दिल्लीचा पराभव केला, तेव्हा आमच्या ब्लॉकमधील पंजाबी शेजाऱ्यांसमोर चेहरा गंभीर ठेवणे आम्हांस अवघड गेले होते. गावसकर आमचा, वेंगसरकर आमचा, आणि दिल्लीचे खेळाडू म्हणजे शेजाऱ्यांचे, अशी ही वाटणी पक्की होती. ती प्रथम मोडली लांबाने. ती कशी मोडली याचे वर्णन संग्रहातील निरनिराळ्या लेखांत निरनिराळ्या तऱ्हेने आले असले, तरी सर्वांचे बोट एकाच हंगामाकडे वळते, आणि तो हंगाम म्हणजे १९८६ चा.

त्या वर्षी बॉर्डरचा ऑस्ट्रेलियन संघ भारतात आला होता. मद्रासच्या बरोबरीत सुटलेल्या कसोटीमुळे तो दौरा इतिहासात नोंदला गेला आहे. पण आमच्या वसाहतीत त्या दौऱ्याची आठवण निघते ती एकदिवसीय सामन्यांवरून. ७ सप्टेंबरला जयपूर येथे लांबा पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि त्याने ६४ धावा केल्या. पुढे दिल्लीच्या सामन्यात ७४, राजकोटच्या अखेरच्या सामन्यात १०२, आणि एकंदर सहा सामन्यांत २७८ धावा करून मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने मिळविला. दिल्लीचा तो सामना २ ऑक्टोबरला होता. गांधी जयंतीची सुट्टी, म्हणून पुरुषमंडळी घरी. आणि त्याच सकाळी राजघाटावर पंतप्रधान राजीव गांधी यांच्यावर गोळीबार झाल्याची वार्ता येऊन सारे शहर हादरलेले. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती भयभीत दिल्ली ज्यांनी पाहिली आहे, त्यांनाच त्या वार्तेचा अर्थ कळेल. पंतप्रधान सुखरूप असल्याचे कळले, सामना सुरू झाला, आणि संध्याकाळपर्यंत भारताने तो तीन गडी राखून जिंकला. संग्रहातील एका बाईंनी लिहिले आहे की, त्या दिवशी त्यांच्या सासूबाईंनी, ज्यांना क्रिकेटमधील ओ की ठो कळत नव्हते, हा उंच मुलगा कोण म्हणून विचारले, आणि तो येथलाच आहे असे उत्तर ऐकून, ‘मग आपलाच की’ असे म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. वाटणी मोडली ती या शब्दांनी, असे मला वाटते.

कसोटी क्रिकेटने मात्र त्याला हात दिला नाही. चार सामने, पाच डाव, १०२ धावा, सर्वोच्च ५३, एवढाच हिशेब तेथे नोंदला गेला आहे. अखेरची कसोटी तो स्वतःच्या घरच्या मैदानावर, फिरोजशहा कोटलावर, नोव्हेंबर १९८७ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध खेळला. भारताचा पहिला डाव ७५ धावांत आटोपला, आणि लांबाच्या वाट्याला दोन डावांत मिळून एक धाव आली. पुढे १९८९ मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्यावर कराचीच्या पहिल्या कसोटीत त्याची जागा जवळजवळ निश्चित होती. पण ऐन वेळी पायाच्या बोटाच्या दुखापतीने तो बाहेर बसला आणि त्याच्या जागी अझरुद्दीन आला. त्याच कसोटीत सचिन तेंडुलकरने पदार्पण केले. अझरुद्दीनने एका डावात पाच झेल घेतले, आणि लवकरच भारताचे कर्णधारपद त्याच्याकडे गेले. लांबाला पुन्हा कसोटीचे बोलावणे आले नाही. दैवाच्या अशा गोष्टींवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. ज्यांनी लांबावर प्रेम केले त्यांनीही तो घालविलेला दिसत नाही.

कारण त्यांचा लांबा हा रणजी आणि दुलीप करंडकांचा लांबा होता. या स्पर्धांचे प्रेक्षक म्हणजे काय चीज असते, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. तथापि दिल्लीच्या हिवाळ्यात, सकाळचे धुके विरेपर्यंत खेळ सुरू न होणाऱ्या मैदानावर, रिकाम्या पायऱ्यांच्या रांगांतून उन्हाचा तुकडा शोधून डबा उघडून बसणाऱ्या त्या पंचवीस-तीस माणसांची जात निराळीच होती. अर्धी रजा टाकून आलेले कारकून, महाविद्यालयातून पळालेली पोरे, एखादा पेन्शनर. वर्तमानपत्रात या सामन्यांना चार ओळी मिळत. त्या चार ओळी कापून ठेवणारे एक गृहस्थ आमच्यात होते, आणि त्यांची वही हा या संग्रहाचा खरा आधार आहे. वही म्हणजे बाद झालेल्या सरकारी फायलीचा जाड बदामी पुठ्ठा, त्याला पाडलेल्या भोकांतून ओवलेला पांढरा टॅग, आणि आत एका बाजूस टंकलेखन झालेल्या रद्दी कागदांच्या कोऱ्या पाठीवर खळीने चिकटविलेली कात्रणे. प्रत्येक कात्रणाच्या समासात पेन्सिलीने तारीख, लांबाचा आकडा, आणि आपण स्वतः मैदानावर हजर होतो किंवा नव्हतो, याची ‘ह’ किंवा ‘ग’ अशी एकाक्षरी नोंद. हजेरीपटाची सवय झालेल्या त्या हाताने स्वतःच्या गैरहजेऱ्या इतक्या प्रामाणिकपणे मांडल्या आहेत की, बाकीच्या नोंदींवर शंका घेण्याचे कारण उरत नाही.

त्या वहीतील सर्वांत मोठे पान १९८७-८८ च्या दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्याचे आहे. भिलाई येथे उत्तर विभागाकडून पश्चिम विभागाविरुद्ध लांबाने ३२० धावा केल्या. पश्चिम विभाग म्हणजे मुंबई, महाराष्ट्र, बडोदा. म्हणजे नकाशाच्या हिशेबाने आम्हीच. एका दिवसात न मावणारी ती खेळी आमच्याच गोलंदाजांना झोडपून काढीत असताना, आमच्याच घरांतून तिचे कौतुक चालले होते, आणि यात काही विपरीत आहे असे कोणालाही वाटले नाही. कात्रणाशेजारी पेन्सिलीने ‘ग’ लिहिलेले आहे. भिलाईस जाणे शक्यच नव्हते, तरी नोंद आहे.

या ठिकाणी एका अप्रिय प्रकरणाचा उल्लेख करणे भाग आहे. जानेवारी १९९१ मध्ये जमशेदपूर येथे, पुन्हा दुलीप करंडकाच्याच अंतिम सामन्यात आणि पुन्हा पश्चिम विभागाशीच खेळताना, बडोद्याचा डावखुरा द्रुतगती गोलंदाज रशीद पटेल हाती यष्टी घेऊन लांबाच्या अंगावर धावून गेला, लांबानेही बॅट उगारली, प्रेक्षकांत दंगल उसळली आणि सामना तेथेच थांबला. पहिल्या डावात लांबाने १८० धावा केल्या होत्या, ही गोष्ट त्या गदारोळात वाहून गेली. पटेलवर तेरा महिन्यांची आणि लांबावर दहा महिन्यांची बंदी आली. हा मजकूर संग्रहातून वगळावा, मृताविषयी चांगलेच बोलावे, असा आग्रह आमच्यापैकी काहींनी धरला होता. मी त्यास संमती दिली नाही. लांबाची जीभ तिखट होती, समोरच्याला डिवचण्याची त्याला खोड होती, हे मैदानावर जाणाऱ्या प्रत्येकास माहीत होते. आणि ज्या माणसाला आपण खरोखर ओळखत होतो असा दावा करावयाचा, त्याच्या स्वभावातील खडे वेचून बाजूस टाकावयाचे आणि उरलेल्या गुळगुळीत मूर्तीस हार घालावयाचा, ही प्रेमाची रीत नव्हे. बंदी संपली, तो परत आला, आणि धावा करू लागला.

दिल्लीत हिवाळा संपला की लांबाचा मुक्काम हले. उन्हाळ्यात उत्तर आयर्लंडच्या क्लबांकडून तो खेळे. १९९० मध्ये तो आयर्लंडच्या संघाकडूनही खेळला, आणि तेथल्याच मुलीशी त्याने विवाह केला. मेरठ, दिल्ली, आयर्लंड आणि मग ढाका, अशी ही चौरस्त्यांची जिंदगी. मेरठ सोडले तर त्या मुक्कामांपैकी एकही त्याला जन्माने मिळालेला नव्हता. प्रत्येक ठिकाणी त्याने धावा करून आपली जागा मिळविली. बदलीवर जगणाऱ्या आमच्या लोकांस त्याच्याविषयी जी आपुलकी वाटली, तिचे मूळ मला येथे दिसते. जो कोठलाच नाही त्याला सर्व ठिकाणचे होता येते काय, या आमच्या रोजच्या प्रश्नास त्याचे खेळणे हे एक उत्तर होते.

ढाक्याची गोष्ट सांगावयाची तर तेथले क्लब काय चीज आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. अबाहानी आणि मोहमेडन स्पोर्टिंग या दोन नावांनी ते शहर उभे चिरले गेलेले आहे. फुटबॉल असो वा क्रिकेट, या दोघांची गाठ पडली की घराघरांत दोन पक्ष पडतात. अजून कसोटीचा दर्जा न मिळालेल्या बांगलादेशात त्या काळी क्लबांचे सामने पाहावयास जी गर्दी लोटे, ती कोटलावर रणजीच्या सामन्यास कधी दिसली नाही. नव्वदीच्या दशकाच्या आरंभापासून लांबा तेथे खेळू लागला, अबाहानीचा लाडका झाला, आणि पोरे त्याला ‘डॉन’ म्हणू लागली. भारताच्या निवड समितीने ज्याला विसरावे, त्याच्या नावाचा घोष परमुलखात व्हावा, हे पाहून आमच्यापैकी परराष्ट्र खात्यात तैनातीवर असलेल्या एका गृहस्थांना जो विस्मय आणि अभिमान वाटला, तो त्यांच्या लेखात वाचावयास मिळेल.

२० फेब्रुवारी १९९८ रोजी बंगबंधू स्टेडियमवर याच दोन क्लबांचा सामना चालू होता. डावखुरा फिरकी गोलंदाज सैफुल्ला खान याचे षटक. त्यातील तीन चेंडू शिल्लक. कर्णधार व यष्टिरक्षक खालेद मशुद याने लांबाला फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहण्यास सांगितले. हेल्मेट हवे का, अशी विचारणा झाली. तीनच चेंडू तर आहेत, म्हणून लांबाने नको म्हटले. फलंदाज मेहराब हुसेन याने आखूड चेंडू सर्व ताकदीने ओढला. तो लांबाच्या कपाळावर इतक्या जोराने आदळला की उसळून मागे गेला, आणि मशुदने धावत जाऊन तो झेलला. नियमाप्रमाणे फलंदाज बाद झाला. क्षणभर अबाहानीच्या खेळाडूंनी गडी मिळाल्याचा आनंद केला. लांबा उठला, स्वतःच्या पायांनी चालत आत गेला. थोड्याच वेळात त्याची प्रकृती ढासळली; रुग्णालयात मेंदूतील रक्ताची गाठ काढण्यासाठी शस्त्रक्रिया झाली, दिल्लीहून मेंदूचे शल्यविशारद विमानाने नेण्यात आले, पत्नी येऊन पोहोचली. दोन-तीन दिवसांत सर्व संपले.

मराठी माणसाला शॉर्ट लेग म्हटले की एकनाथ सोलकर आठवतो. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा, डोक्यावर काही न घेता, फलंदाजाच्या बॅटीपासून हातभर अंतरावर बसून २७ कसोटींत ५३ झेल घेऊन गेला, आणि त्या जागेविषयी आपल्या मनात जे काही आहे ते बव्हंशी त्याने निर्माण केलेले आहे. नरी कॉन्ट्रॅक्टरही आठवतो. १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू त्याच्या डोक्याला लागला, फ्रँक वॉरेल यांनी त्याच्यासाठी रक्त दिले, आणि तो वाचला. धैर्य आणि दैव यांच्या या कथांच्या रांगेत लांबाचा मृत्यू बसविण्याचा मोह होतो. त्याच्या मरणानंतर हेल्मेटविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच होते; २०१४ साली सिडनीत फिलिप ह्यूज वयाच्या २५ व्या वर्षी चेंडू लागून गेला, तेव्हा लांबाचे नाव पुन्हा एकदा जगभरच्या वर्तमानपत्रांत आले. पण दर वेळी आले ते दृष्टान्त म्हणून. हयातभर ज्याने फलंदाजी केली, तो एका क्षेत्ररक्षणाच्या धड्यातले उदाहरण होऊन राहावा, हे मला मनापासून खुपते, आणि या संग्रहाचे प्रयोजन मी मानतो ते हेच.

मेहराब हुसेनविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. त्याच्याकडे कोणी दोषाचे बोट दाखवू नये. त्याने एक फटका मारला, आणि खेळाडूचे काम फटका मारणे हेच असते. त्या तरुणाने तो भार घेऊन पुन्हा बॅट हाती धरली आणि मार्च १९९९ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध १०१ धावा करून बांगलादेशाच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय शतकाचा मान मिळविला. पुढल्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच बंगबंधू स्टेडियमवर बांगलादेश आपली पहिली कसोटी भारताशी खेळला, अमिनुल इस्लाम याने १४५ धावा केल्या, आणि यष्टींमागे खालेद मशुद उभा होता. ढाक्याहून आलेल्या आठवणीत हा सामना फार तपशिलाने आला आहे.

आमच्यात एक गोव्याचे कुटुंब आहे. त्यांनी आपल्या लेखात क्रिस्तियानो ज्युनियर याची जोड दिली आहे, ती मला समर्पक वाटली. गोव्याच्या धेंपो क्लबचा हा पंचविशीतला ब्राझिलियन फुटबॉलपटू ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल करून, दुसरा गोल करतानाच गोलरक्षकाशी टक्कर होऊन मैदानावर कोसळला आणि गेला. धेंपोने त्याच्या दहा क्रमांकाची जर्सी पुन्हा कोणास दिली नाही. तो गोव्यात एक पुरा हंगामही खेळला नव्हता; तरी गोव्याने त्याचे सुतक धरले. परका मनुष्य आपला कधी होतो, याला दाखला लागत नाही आणि वास्तव्याची मुदतही लागत नाही.

आता संग्रहाच्या रचनेविषयी. आलेले लेख कालक्रमाने लावावेत, असे प्रथम ठरले होते. तसे केल्यास ढाक्याचे प्रकरण ओघानेच शेवटी येत होते. पुष्कळ विचारविनिमयानंतर आम्ही तो क्रम मोडला. ढाक्याच्या आठवणी मध्यभागी घेतल्या आहेत, जमशेदपूरच्या लगोलग पुढे. शेवटचा लेख १९९४-९५ च्या रणजी हंगामातील दिल्ली विरुद्ध हिमाचल प्रदेश या सामन्याचा आहे, ज्यात लांबा आणि रवी सेहगल यांनी सलामीस ४६४ धावांची भागीदारी केली, सेहगलने २१६ आणि लांबाने ३१२. लांबा तेव्हा पस्तिशीच्या घरात होता. बदामी वहीतील त्या पानाच्या समासात ‘ह’ असे लिहिलेले असून, त्याखाली पेन्सिलीची दुहेरी रेघ आहे. वहीच्या मालकांनी त्या दिवसांची रजा कशी काढली आणि घरी काय सांगितले, याची हकीकत त्यांच्याच शब्दांत तेथे दिली आहे.